वन्संचा मदरबोर्ड

माझी बायको आणि माझी बहीण एकमेकींशी बोलत नाहीत, याला आता अठरा वर्षं झाली. भांडण एका प्रिंटरवरून झालं. बहिणीचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी बायकोने तिच्याकडून प्रिंटर घेतला, आठवड्याने परत केला आणि समोरच्या दुकानातून तोच प्रिंटर आणला. तोच म्हणजे तोच. कंपनी ती, मॉडेल ते, खोक्याचा रंगसुद्धा तो. "याच्यात कागद अडकत नाही," हे बायकोचं म्हणणं. "कागद घालायची अक्कल असती तर माझ्यातही अडकला नसता," हे बहिणीचं. तेव्हापासून दोघींचा सगळा संवाद माझ्यामार्फत चालतो.

या कामाला मी नालायक नाही. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी तेवीस वर्षं आहे. ग्राहक लिहितो, "तुमचा मीटर चोर आणि तुम्ही त्याचे बाप." आम्ही वर कळवतो, "ग्राहकाने मीटरच्या अचूकतेबाबत निरीक्षण नोंदवलं आहे." वरून निरोप येतो, "त्याला म्हणावं, विहीर खण." आम्ही ग्राहकाला लिहितो, "आपल्या सूचनेची योग्य ती दखल घेतली आहे." इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन कपडे बदलतो, पण दखल घेणं काही थांबवता येत नाही.

त्यामुळे "तुमच्या बहिणीला सांगा, बोलावलंय म्हणून लगेच यायलाच पाहिजे असं नाही," हे वाक्य बहिणीपर्यंत "सवडीने ये" असं पोचायचं. आणि "येते, पण जेवून येते, तिथे काय मिळतं ते माहीत आहे," हे "उगाच त्रास घेऊ नका" असं परतायचं. घरात शांतता होती. मला तिचा थोडा अभिमानही होता.

मग बायकोची नोकरी गेली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. लोकांनी केलेल्या कामातले दोष शोधण्याचा तिला पगार मिळत असे. घरी हेच काम ती मानद करते. विभाग बंद झाला, आठ महिने ती घरी बसली. त्या आठ महिन्यांत आमच्या घरातला एकही दोष शोधायचा राहिला नाही, आणि बहुतेक सगळे माझेच निघाले. शेवटी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने तिला विचारलं: घरी बसून आमचा गेम खेळा, चुका शोधा, लिहून पाठवा. अट एकच. सोमवारी सकाळी दहा वाजता, तो गेम पेलेल असं मशीन घेऊन हजर व्हायचं. नाही झालात, तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू. बायको शेहेचाळीस वर्षांची आहे. दुसरं कोणी विचारेल याची तिला खात्री नव्हती, आणि खात्री नसणं हा प्रकार तिला सोसत नाही.

"तयार गेमिंग मशीन आपल्याला परवडत नाही," ती म्हणाली. "सुटे भाग घेऊन मीच जोडणार. प्रोसेसर मी सेलमध्ये घेतलाय. बाकीचं तुमच्या बहिणीकडून आणा."

"तिच्याकडून?"

"तिच्याकडे खरेदीच्या भावात मिळेल. मी भांडलेय, वेडी झालेली नाही."

तिने यादी दिली. मी दुकानात गेलो. बहिणीने ती अशी धरली की जणू एखाद्या लहान मुलाने वहीत काहीतरी चितारून आणलंय.

"एसएमपीएस साडेचारशे वॅटचा?" ती म्हणाली. एसएमपीएस म्हणजे मशीनमधल्या सगळ्यांना वीज वाटणारी पेटी, एवढं मलाही माहीत होतं. "या ग्राफिक्स कार्डाला? वहिनींना विचार, गेम खेळायचाय की घर पेटवायचंय?"

घरी येऊन मी म्हटलं, "थोडा मोठा एसएमपीएस घेतला तर बरं, असं ती सुचवत होती."

"म्हणजे माझं चुकलं म्हणाली?"

"छे. यादी नीटनेटकी आहे म्हणाली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "साडेपाचशेचा घ्या. आणि तिला सांगा, मी मुद्दाम कमी लिहिलं होतं. दुकान चालवणाऱ्याला काही कळतं का ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला म्हटलं, "तुझं बरोबर आहे म्हणाली."

"कोण? वहिनी?"

"हो."

बनावट माल हातात घेताक्षणी ओळखणाऱ्या माझ्या बहिणीने मला एकदा खालपासून वरपर्यंत तपासून पाहिलं. मग यादीच्या पुढच्या ओळीवर गेली.

"हे कार्ड साडेअठ्ठावीस सेंटिमीटर लांब आहे. आणि त्यांनी लिहिलेल्या कॅबिनेटमध्ये जागा आहे सत्तावीसची. दीड सेंटिमीटर कापायला लागेल. म्हणावं, तुमची जीभ वापरा, कात्रीचा खर्च वाचेल."

"कॅबिनेट एक नंबर मोठं घ्यावं लागेल," मी घरी सांगितलं.

"काही बोलली का?"

"खर्च वाचवायचं बघत होती."

असं करत आम्ही मदरबोर्डापर्यंत आलो. बोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे भाग बसतात ती मोठी हिरवी पाटी. आमच्या बजेटात बसणारा बोर्ड बहिणीकडे एकच होता. तिने तो खोक्यातून काढून माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि त्यावर बोट आपटत म्हणाली, "नीट ऐक दादा. हा जुन्या लॉटमधला आहे. वहिनींचा प्रोसेसर याच्यात बसेल, पिना जुळतात. पण बोर्ड त्याला ओळखणार नाही. बोर्डाच्या डोक्यात एक यादी भरलेली असते, कोणाला ओळखायचं त्याची. तिला बायोस म्हणतात. हा बोर्ड बनला तेव्हा तो प्रोसेसर बाजारात नव्हता, म्हणून यादीत त्याचं नाव नाही. अपडेट करावी लागेल. एक दिवस माझ्याकडे राहू दे, मी करून देते, पैसे नकोत. आणि वहिनींना सांग, सेलमध्ये प्रोसेसर मिळतो, अक्कल मिळत नाही."

परतीच्या वाटेवर मी मसुदा केला. अक्कल आधी काढली. मग "ओळखणार नाही" हे शब्द खटकले. त्यात बायकोच्या निवडीवर ठपका दिसत होता. "जुन्या लॉटमधला" हे तर बहिणीच्याच अंगावर उलटलं असतं. दारात पोचेपर्यंत जे उरलं ते मी सांगितलं: "बोर्ड आहे तिच्याकडे. बसेल म्हणाली."

"या भावात? मग जुना लॉट असणार," बायको लगेच म्हणाली. "तिला सांगा, बायोस अपडेट न करता दिलात तर तोच बोर्ड तुमच्या दुकानावर भिरकावीन. आणि बिलावर लिहून घ्या, अपडेट केलाय म्हणून. तिच्या तोंडावर माझा काडीचा विश्वास नाही."

इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि मला फार बरं वाटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं म्हणणं एकच होतं. एक म्हणत होती अपडेट करायला हवं, दुसरी म्हणत होती अपडेट करायला हवं. वादाचा मुद्दाच उरला नव्हता. आणि जिथे वाद नाही तिथे पत्रव्यवहार नाही, हा आमच्या विभागाचा शिरस्ता आहे.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला म्हटलं, "तिला बोर्ड चालेल."

"अपडेटचं काय म्हणाल्या?"

"तिला त्यातलं सगळं माहीत आहे."

"म्हणजे स्वतःच करणार," बहीण म्हणाली. "करा म्हणावं. शहाण्यांना कोण अडवणार?" आणि तिने बोर्ड पिशवीत टाकला.

घरी बायकोने विचारलं, "बायोसचं बोललात ना?"

"तिला सगळं माहीत आहे," मी म्हटलं.

दोन्ही उत्तरं शब्दशः खरी होती. हे मी नंतरही दोघींना पुष्कळदा सांगून पाहिलं.

शनिवारी दुपारी बायकोने जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले आणि जोडणी सुरू केली. तिचा हात सुरेख चालतो. प्रोसेसर एका बोटाने अलगद बसवला, वर पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका, त्यावर कूलर. रॅमच्या पट्ट्या टकटक आवाज करत बसल्या. कार्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये ऐसपैस मावलं. चार वाजता तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मी टाळी वाजवली. पडदा काळा होता.

"थांबा," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. पडदाही थांबला.

तिने रॅमची एक पट्टी काढली. मग ती घालून दुसरी काढली. कार्ड काढून पुन्हा बसवलं, केबल बदलली, पडदा शेजाऱ्यांच्या मशीनला लावून पाहिला. तिथे तो बिनतक्रार चालला. साडेसहाला ती खाली वाकली. बोर्डाच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, एक बारीक लाल दिवा लागलेला होता. प्रोसेसर ओळखता येत नाही, ही बोर्डाची तक्रार.

"बिल आणा," ती म्हणाली.

मी आणलं. तिने ते दोनदा वाचलं, मग उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

"अहो."

"हं?"

"बायोसचं यात कुठे आहे?"

"असेल की. तिला सगळं माहीत..."

"उद्या मी स्वतः जाणार आहे तिच्याकडे," बायको म्हणाली. मला वाटतं, त्या वाक्याने मी जेवढा घाबरलो तेवढा कंपनीत लेखापरीक्षक आले तेव्हाही घाबरलो नव्हतो.

रविवारी दुकान बंद असतं, पण बहीण अर्धं शटर उघडून आत माल लावत असते. आम्ही वाकून आत शिरलो. बायकोच्या हातात कॅबिनेट होतं, माझ्या हातात काहीच नव्हतं. तिने ते मला धरू दिलं नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली.

बहीण शिडीवर होती. ती सावकाश उतरली. "या वहिनी. समोरचं दुकान बंद आहे का आज?"

"तुम्ही मला अपडेट न केलेला बोर्ड विकलात."

"मी दादाला सांगितलं होतं, एक दिवस ठेव, मी करून देते."

"मी यांना सांगितलं होतं, अपडेट केल्याशिवाय हात लावू नका. आणि तसाच दिलात तर दुकानावर भिरकावीन, असंही सांगितलं होतं."

"ते नाही आलं माझ्यापर्यंत."

"मग काय आलं?"

"'तिला बोर्ड चालेल.'"

"आणि मला आलं, 'बसेल म्हणाली'."

दोघी माझ्याकडे वळल्या. दुकानात बसायला जागा नव्हती, नाहीतर मी बसलो असतो.

"दोघींचं एकमत होतं," मी म्हटलं. "त्यामुळे मला वाटलं, विषय संपला."

"दादा," बहीण म्हणाली, "तू बाजूला हो."

मी झालो. बायकोने कॅबिनेट काउंटरवर ठेवलं. "उद्या दहाला मला हे मशीन चालू पाहिजे. नाहीतर काम जाईल. तुम्हाला आनंद होईल, माहीत आहे."

"होईल. पण माझा बोर्ड मेला होता म्हणून तुमचं काम गेलं, असं तुम्ही गावभर सांगाल. तेवढा आनंद मला परवडत नाही." बहिणीने बिलं काढायचं स्वतःचं मशीन ओढून घेतलं आणि त्याचे स्क्रू काढू लागली. "यात जुना प्रोसेसर आहे. बोर्ड त्याला ओळखतो. तो तुमच्या बोर्डात घालायचा, अपडेट करायचं, मग तुमचा घालायचा. टॉर्च धरा. सरळ धरा. माझ्या डोळ्यांत नाही."

"तुमचा हात मध्ये येतोय."

"माझंच दुकान आहे, माझाच हात येणार."

प्रोसेसर बदलला. दुकानातला पडदा जोडला, पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एक निळी चौकट आली आणि त्यात एक पट्टी सरकू लागली. चार टक्के. पाच टक्के.

"आता वीज गेली तर?" बायकोने विचारलं.

"तर बोर्ड कायमचा गेला."

"यूपीएस लावलाय ना?"

"बॅटरी उतरलीये."

"कॉम्प्युटरच्या दुकानात?"

"डॉक्टरांना ताप येत नाही का?"

अकरा टक्के. करण्यासारखं काही नव्हतं आणि पडद्यावरून नजर हलवायची दोघींची तयारी नव्हती. अशा वेळी लोक हवापाण्याचं बोलतात. या दोघींनी माझी तपासणी सुरू केली.

"माझं ऑपरेशन झालं होतं," बहीण पट्टीकडे बघत म्हणाली, "तेव्हा तुम्ही 'काळजी घ्या' म्हणून सांगितलं होतंत?"

"मी? मी म्हटलं होतं, बोलताना टाके उसवणार नाहीत ना, तेवढं विचारून या."

"हे बरं झालं. ते 'काळजी घ्या' ऐकून मला चार दिवस मळमळत होतं. डॉक्टरांना वाटलं औषधाने."

"आणि माझी नोकरी गेली तेव्हा तुम्हाला 'फार वाईट वाटलं'?"

"मी म्हटलं, आता त्या दिवसभर घरात, दादाचं कसं व्हायचं?"

"वाटलंच. 'फार वाईट' हे तुमच्या तोंडचं नव्हतंच."

एकतीस टक्के. वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीत ड्रिल मशीन चालवलं. ट्यूबलाइट लुकलुकली. दोघींनी एकाच वेळी काउंटर घट्ट धरला. पट्टी एकतीसवरच थांबली, बराच वेळ थांबली, मग एकदम चाळीसवर गेली.

"आणि त्याच वेळी मी दुसरंही एक सांगितलं होतं," बहीण म्हणाली. "ग्राहक जो माल परत आणतात, तो तपासायला मला माणूस हवा होता. म्हटलं, वहिनींना पाठव. माझ्या मालात खोड काढण्यात त्यांच्याइतकं तरबेज कोणी नाही. पगार देईन."

बायकोने पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढली. बहिणीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"हे मला कधी सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. "खोड काढण्यात तरबेज" हे शब्द काढले की त्या निरोपात काही उरतच नव्हतं, आणि नणंदेच्या दुकानात नोकरी म्हणजे अपमानच, असं मी धरून चाललो होतो. म्हणून मी तो संपूर्ण निरोपच दप्तरी दाखल केला. मी हे सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे याला काय म्हणतात तेही सांगितलं.

"आठ महिने," बायको म्हणाली.

"तू तरी कुठे गेली असतीस?" मी म्हटलं.

"नसतेच गेले."

"मला माहीत होतं नाही म्हणणार ते," बहीण म्हणाली.

"पण नाही म्हणायला तर मिळालं असतं!" बायकोचा आवाज चढला. "आठ महिने मला कोणी काही विचारत नव्हतं, वन्सं. अर्ज केले, उत्तरंसुद्धा नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं असतं तर मी इथे येऊन, या काउंटरसमोर उभी राहून, तासभर तुम्हाला नाही म्हटलं असतं."

"तासभर कशाला? मी दहा मिनिटांत घालवलं असतं तुम्हाला."

"घालवून दाखवा."

"आता पट्टी चालू आहे."

बासष्ट टक्के. मी शटरच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. कोणी थांब म्हणालं नाही. आतून दोघींचे आवाज येत होते, मध्येच एकदा बहीण म्हणाली, "तो लहानपणापासून तसाच आहे," आणि बायको म्हणाली, "हे लग्नाआधी सांगायचं होतंत," आणि बहीण म्हणाली, "सांगितलं होतं, त्याच्याचबरोबर." हे खरं आहे. तो निरोप मी "आमच्या घरी सगळ्यांना तू आवडलीस" असा पोचवला होता.

अर्ध्या तासाने आतून पंखे फिरल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. बायकोचा प्रोसेसर जागेवर बसला होता आणि पडद्यावर पांढरी अक्षरं होती. त्यांत प्रोसेसरचं नाव अगदी ठसठशीत होतं.

"ओळखला," बहीण म्हणाली.

"पंखा घुमतोय," बायको म्हणाली.

"पंखा फिरला की आवाज येतो."

"एवढा नाही येत. बेअरिंग खराब आहे. बदलून द्या."

"ऐकलं नीट. काही खराब नाहीये. कान बदलून घ्या."

निघताना बायकोने माझा फोन मागून घेतला आणि त्यातून बहिणीचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये उतरवला. अठरा वर्षांत तो तिच्याकडे नव्हता. फोन परत देताना ती एक शब्दही बोलली नाही. ते मौन त्यानंतर रात्रीच्या जेवणाला आणि सकाळच्या चहालाही होतं. म्हणजे माझ्यापुरतं होतं.

कारण सोमवारी पावणेदहाला तिचा फोन वाजला, आणि ती मशीनसमोर बसल्या बसल्याच तारस्वरात बोलू लागली. "झालं चालू. हो. हो, चालू झालं, पण घुमतोय म्हणजे घुमतोय. ऐकायचंय? हा घ्या, धरते फोन पंख्याजवळ. हा काय विमानाचा आहे का? ... माझ्या कानांचं राहू द्या, तुमच्या बॅटरीचं बघा आधी!" तिच्या गालांवर आठ महिन्यांत न दिसलेली लाली होती. दहाला दोन मिनिटं असताना ती म्हणाली, "ठेवते. माझं काम सुरू होतंय. एकला मोकळी होईन, तेव्हा करा. पंख्याचं अजून काही ठरलेलं नाही."

दहाला गेम सुरू झाला. कंपनीचा माणूस पडद्याच्या कोपऱ्यात आला, तिचं मशीन ठीक चालतंय म्हणाला आणि गेला. एक किल्ला, एक पूल, पुलाच्या शेवटी एक दरवाजा. बायकोने दरवाजा ढकलला. तो उघडला नाही. तिने सतरा वेळा ढकलला, प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने. मग अहवालाचा रकाना उघडून लिहिलं: "दरवाजा उघडत नाही. ज्याने बनवला त्याने तो एकदाही उघडून पाहिलेला नाही, आणि ज्याने तपासला तो झोपला होता."

मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून मागे उभा होतो. मला राहवलं नाही.

"'दरवाजा उघडताना किंचित अडचण येते' असं लिहिलंस तर?" मी म्हटलं.

तिने मागे न बघता अहवाल पाठवून दिला.

"तुम्ही ऑफिसला जा," ती म्हणाली.

मला उशीर झालाच होता. मी गेलो.